पिस्तूल एकाचं, मॅगझिन दुसऱ्याचं

‘मॅगझिनच्या पाकिटावर माझ्याच पिस्तुलाचं नाव छापलंय. जुनं आणि नवं शेजारी ठेवलं तर फरक दिसत नाही. मग हे आत जाताना अडतं का?’

नेमबाजीत नव्याने आलेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. तो प्रत्येक वेळी याच रूपात येतो असं नाही. कुणाचं मॅगझिन आत जातं, पण बटण दाबलं की खाली पडत नाही. कुणाचं रिकामं असताना सुरेख बसतं आणि भरलं की बसायला तयार नसतं. कुणाचं बसतं, पडतं, सगळं ठीक, फक्त शेवटची गोळी झाडल्यावर पिस्तूल उघडं राहायला हवं ते राहत नाही. विकणारा म्हणतो, ‘थोडं वापरा, बसेल आपोआप.’ काही वेळा ते खरंही ठरतं. बहुतेक वेळा ते फक्त गिऱ्हाइकाला वाटेला लावणं असतं.

या तक्रारी एका दुखण्याच्या नाहीत. त्या वेगळ्या करायच्या तर आधी मॅगझिन नेमकं करतं काय, ते पाहू.

१. मुठीच्या आतली पेटी

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी भरण्याचं काम पिस्तूल स्वतः करतं. गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्याने वरचा जाड भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते. जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकते. मग स्प्रिंगच्या जोराने पुढे येते आणि येता येता नवं काडतूस ढकलून नळीच्या मागच्या कोठीत, म्हणजे चेंबरमध्ये, नेऊन बसवते. हे नवं काडतूस तिच्या वाटेत आणून ठेवतं ते मॅगझिन.

मॅगझिन म्हणजे पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची उभी पेटी. तळाला झाकण, त्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर एक सरकती पट्टी. या पट्टीला फॉलोअर म्हणतात. फॉलोअर काडतुसांचा ढीग सतत वर रेटत असतो. पेटीच्या वरच्या तोंडाच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात. त्या नसत्या तर सगळी काडतुसं उसळून बाहेर पडली असती. या कडांना कारागीर लिप्स म्हणतात आणि मॅगझिनचा जीव त्यांच्यातच असतो. स्प्रिंग दमली तर बदलता येते, झाकण फुटलं तर दुसरं लावता येतं. लिप्स वाकल्या की मॅगझिन संपलं असं समजणारे कारागीर पुष्कळ आहेत.

२. बसणं एका जागी नसतं

मॅगझिन पिस्तुलात ‘बसतं’ असं आपण एका दमात म्हणतो. पिस्तुलाच्या बाजूने पाहिलं तर त्याला बऱ्याच परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली मुठीच्या पोकळीची. तिच्या चार भिंतींना न घासता पेटी वर गेली पाहिजे. दुसरी खटक्याची. पेटीच्या अंगावर एक खाच असते आणि पिस्तुलातल्या खटक्याचा दात त्या खाचेत शिरून पेटी धरून ठेवतो. ही खाच कुठे कापली आहे यावर पुढची सगळी उंची ठरते. खाच केसभर खाली पडली तर मॅगझिन केसभर वर बसतं आणि लिप्स स्लाइडच्या पोटाला घासू लागतात. खाच वर पडली तर मॅगझिन खाली बसतं. मग पुढे येणाऱ्या स्लाइडला काडतुसाची मागची कड नीट सापडत नाही, ती काडतुसावरून निघून जाते आणि चेंबर रिकामंच राहतं. पिस्तूल वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. तो चाप ओढतो आणि नुसता ‘टक’ आवाज येतो.

पुढची परीक्षा फॉलोअरची. शेवटचं काडतूस गेलं की फॉलोअरचा खांदा पिस्तुलातल्या एका छोट्या अडसराला वर उचलतो आणि स्लाइड मागेच अडकून राहते. पिस्तूल रिकामं झालं, हे सांगायची ही सोय. खांदा अंमळ अरुंद असेल किंवा स्प्रिंग मऊ असेल तर अडसर उचलला जात नाही. आत जायला सुरेख असलेलं मॅगझिन इथे नापास होतं.

आणि हे सगळं परतीच्या वाटेवरही जमायला हवं. बटण दाबल्यावर मॅगझिन स्वतःच्या वजनाने खाली पडावं, ही आजची अपेक्षा आहे. ती सगळ्यांची कधीच नव्हती. अमेरिकन सैन्याच्या एम १९११ पिस्तुलाच्या सुरुवातीच्या मॅगझिनांना तळाशी दोरी बांधायची कडी असे. पिस्तूल वापरणारा घोडेस्वार होता. धावत्या घोड्यावरून मॅगझिन पडलं तर ते शोधायला कोण उतरणार? युरोपातल्या जर्मन वॉल्थर पी ३८ किंवा इटालियन बेरेटा १९३४ या पिस्तुलांत खटका मुठीच्या तळाशी असे. एका हाताने तो मागे ओढायचा आणि दुसऱ्या हाताने मॅगझिन उपसून काढायचं. तेव्हा ‘हे पडत नाही’ ही तक्रार करण्याआधी मूळचं तरी पडत होतं का, हे विचारणं शहाणपणाचं.

३. फट मोजून ठेवावी लागते

आता मुख्य गोष्ट. चांगलं बसणं म्हणजे घट्ट बसणं नव्हे. दोन वस्तू तंतोतंत एका मापाच्या असतील तर एक दुसरीत जाणारच नाही. आत जायला फट लागते, आणि ती किती ठेवायची हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं. जेवणाच्या डब्याचं उदाहरण घ्या. एका कंपनीच्या चार पुड्यांच्या डब्यात दुसऱ्या कंपनीचा पुडा घालून पाहा. व्यास तोच, उंची तीच वाटते. पण एक तर तो खालच्या पुड्यावर डगडगतो, नाहीतर असा रुततो की दुपारी जेवायला बसल्यावर दोघांनी मिळून ओढावा लागतो. दोन्ही पुडे आपापल्या घरी बिनचूक असतात. चूक असलीच तर त्यांच्या मालकांनी एकमेकांशी ठरवलं नव्हतं, ही.

कारखान्यात या ठरवण्याला टॉलरन्स म्हणतात. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये फिटरला विचारा, तो तुम्हाला ‘दहा मिलिमीटर’ असं माप कधी सांगणार नाही. तो ‘दहा, प्लस-मायनस इतकं’ असं सांगेल. एकच माप हजारदा काढता येत नाही. यंत्र तापतं, हत्यार झिजतं, पत्र्याची जाडी बदलते. म्हणून आधीच ठरवायचं की माप या दोन टोकांच्या आत असलं तर वस्तू पास.

आकड्यांत पाहू. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, कुठल्या खऱ्या पिस्तुलाचे नाहीत. समजा मुठीच्या पोकळीची रुंदी १४.०० मिमी ठरवली आणि ०.१० इकडे-तिकडे चालेल असं म्हटलं. म्हणजे कारखान्यातून १३.९० ते १४.१० मिमीपर्यंतच्या पोकळ्या बाहेर पडणार. मॅगझिनची रुंदी १३.७०, तिलाही ०.१० ची सूट. म्हणजे १३.६० ते १३.८०. सगळ्यात अरुंद पोकळीत सगळ्यात जाड मॅगझिन आलं तरी ०.१० मिमी फट उरते, साधारण एका कागदाच्या जाडीइतकी. उलट टोकाला ०.५० मिमी उरते. एक जोडी जरा चापून बसेल, दुसरी थोडी खुळखुळेल, पण अडणार कुठलीच नाही.

आता बाहेरचा एक उद्योजक हे मॅगझिन बनवायला घेतो. मूळ कंपनी त्याला ड्रॉइंग देत नाही. का द्यावं? तो बाजारातून एक पिस्तूल आणि एक मॅगझिन आणतो आणि मोजतो. योगायोगाने त्याच्या हातात आलेली पोकळी १४.०८ची आहे आणि मॅगझिन १३.७८चं. दोन्ही पास झालेली, पण दोन्ही वरच्या टोकाजवळची. त्याला हे कळायला मार्ग नाही. तो १३.७८ हेच मूळ माप धरतो. त्याचा प्रेस जरा स्वस्तातला, म्हणून सूट ०.१५ ठेवतो. त्याचा माल १३.६३ ते १३.९३च्या दरम्यान निघतो. त्याच्याकडच्या पिस्तुलात यातलं प्रत्येक मॅगझिन सुरळीत जातं. तो प्रामाणिकपणे पाकिटावर ‘या पिस्तुलासाठी’ असं छापतो. आणि ते १३.९३चं मॅगझिन १३.९०ची पोकळी असलेल्या माणसाच्या घरी जातं.

त्यावर रंगाचा थर चढला तर? पोलादाला जुन्या पद्धतीने केलेली निळसर झिलई जाडीत जवळजवळ काहीच भर घालत नाही. फवारलेला रंग घालतो. बाजूला ०.०३ मिमी धरला तरी दोन बाजू मिळून ०.०६. पेटीच्या दोन कडा जिथे जोडून वितळवल्या आहेत, तिथे वेल्डिंगचा उंचवटा राहिला असेल तर तोही यात मिळवायचा.

म्हणून ‘दुसऱ्या कंपनीचं मॅगझिन बसतं का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नाही. तुमच्या पिस्तुलात ते बसेल, मित्राच्या त्याच नमुन्याच्या पिस्तुलात बसणार नाही, आणि दोघेही खरंच सांगत असतील.

४. अदलाबदलीचा वायदा

एकाने केलेला भाग दुसऱ्याने केलेल्या भागात बसावा, ही कल्पना आज इतकी साधी वाटते की ती कधी नव्हती हे ध्यानात येत नाही. ती बंदुकांच्याच कारखान्यांतून पुढे आली. अठराव्या शतकातल्या बंदुकीचा प्रत्येक भाग कारागीर कानशीने घासून त्याच बंदुकीत बसवत असे. लढाईत एक स्प्रिंग तुटली तर शेजारच्या बंदुकीची लावता येत नसे.

फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां या कारागिराने १७८५ मध्ये बंदुकीच्या घोड्याच्या यंत्रणेचे सुटे भाग ढिगांत मांडले आणि पाहुण्यांना ‘कुठलेही उचला’ म्हणून जोडायला दिले. त्या पाहुण्यांत अमेरिकेचे तेव्हाचे फ्रान्समधले राजदूत टॉमस जेफरसन होते. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी मायदेशी पत्राने कळवलं. पुढे एली व्हिटनीने १७९८ मध्ये दहा हजार बंदुकांचं कंत्राट घेतलं आणि १८०१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये असाच प्रयोग करून दाखवला. शाळेच्या पुस्तकांत याचं श्रेय व्हिटनीला मिळालं. पण त्याच्या कारखान्याच्या ज्या बंदुका टिकल्या आहेत, त्या अभ्यासकांनी उघडून पाहिल्या तेव्हा भाग अदलाबदल होत नाहीत असं आढळलं. दाखवायचे नग बहुधा हाताने जुळवून आणले होते. माल वेळेवरही आला नाही. दोन वर्षांचं काम संपायला १८०९ उजाडलं. जाहिरात आणि माल यांच्यातलं हे अंतर आजच्या पाकिटांपेक्षा फार वेगळं नाही.

वायदा खरा केला तो कमी प्रसिद्ध माणसांनी. कनेटिकटच्या सिमियन नॉर्थने १८१३ मध्ये वीस हजार पिस्तुलांचं कंत्राट घेतलं, त्यात कुठल्याही पिस्तुलाचा कुठलाही भाग दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलात बसला पाहिजे अशी अट होती. हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात जॉन हॉलने १८२०च्या दशकात आपल्या रायफलीसाठी यंत्रं आणि मापं तपासण्याचे साचे, म्हणजे गेज, बनवले. १८३४ मध्ये नॉर्थने आपल्या कारखान्यात केलेल्या हॉल रायफलींचे भाग शेकडो किलोमीटर दूरच्या हार्पर्स फेरीच्या भागांशी बदलता येऊ लागले. पहिल्यांदाच दोन वेगळ्या कारखान्यांचा माल एकमेकांत बसत होता. दोघांकडे एकाच मापाचे गेज होते, म्हणून हे जमलं.

गेज ही फार साधी वस्तू आहे. एक ठोकळा जो आत गेलाच पाहिजे, दुसरा जो जाताच कामा नये. पहिला गेला आणि दुसरा अडला तर माल पास. कारखान्यात यालाच ‘गो’ आणि ‘नो गो’ म्हणतात. यासाठी कामगाराला आकडे वाचता यायचीही गरज नसते.

आता त्या एम १९११ कडे येऊ. जॉन ब्राउनिंगने आखलेलं आणि कोल्ट कंपनीने बनवलेलं हे पिस्तूल अमेरिकन सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत दोन दिवसांत त्यातून ६००० गोळ्या झाडल्या गेल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. ते एकदाही अडलं नाही. स्पर्धेतलं सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडलं. मॅगझिन सात काडतुसांचं, एकावर एक सरळ रचलेलं. सुरुवातीची मॅगझिनं दोन रंगांची दिसतात, वरचा भाग फिकट, खालचा निळसर. शोभेसाठी नव्हे. लिप्स वाकू नयेत म्हणून वरचा भाग तापवून, पाणी देऊन कडक केलेला असे.

दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुलं कोल्टच्या एकट्याच्या आवाक्यातली राहिली नाहीत. टाइपरायटर करणाऱ्या रेमिंग्टन रँडने आठ लाखांहून जास्त केली. इथाका ही बंदुकांची कंपनी होतीच. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने केली. शिलाई यंत्रांच्या सिंगरनेही ५०० केली, आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी वेडे होतात. मॅगझिनं तर या कंपन्यांतल्या बहुतेकींनी स्वतः केलीच नाहीत. ती स्कोव्हिल, रिस्डन, एम. एस. लिटल अशा कनेटिकटच्या पत्राकाम करणाऱ्या कारखान्यांकडून आली. स्कोव्हिलची ख्याती पितळी बटणांची. काही मॅगझिनं जनरल शेव्हर या कारखान्याने केली. नावावरून कळतंच की त्यांचा मूळ धंदा दाढीच्या यंत्रांचा. मॅगझिनच्या तळावर एस, आर, एल किंवा जी असं अक्षर ठोकलेलं असे, त्यावरून बनवणारा ओळखता येई.

म्हणजे या पिस्तुलाच्या सर्वात मोठ्या युद्धात त्याचं मॅगझिन बहुतेक वेळा ‘बाहेरचंच’ होतं, आणि तरीही कुणाचंही मॅगझिन कुणाच्याही पिस्तुलात चालत होतं. बाहेरचं असणं हा मॅगझिनचा दोष नव्हे, हे एवढ्यावरून दिसतं. स्कोव्हिलकडे सरकारी ड्रॉइंग होतं, गेज होते, आणि दारात माल परत पाठवू शकणारा निरीक्षक उभा होता. आजच्या बाजारात हे तिन्ही नसतात.

५. सातच्या जागी आठ

ब्राउनिंगच्या पेटंटची मुदत कधीच संपली, सरकारी ड्रॉइंगं उघड झाली. मग निदान १९११च्या बाबतीत तरी अडचण राहू नये. राहते, आणि ती दोन बाजूंनी येते.

एक, पिस्तुलंच बदलली. अमेरिका, फिलिपाइन्स, ब्राझील, तुर्कस्तान अशा ठिकाणी आज १९११ बनतं. स्पर्धेच्या नेमबाजांसाठी काही कारागीर जाणूनबुजून फटी कमी करतात, कारण घट्ट पिस्तूल नेमात सातत्य देतं. घट्ट पिस्तूल परक्या मॅगझिनला नाकही मुरडतं.

दुसरं, गिऱ्हाइकाला सातच्या मॅगझिनमध्ये आठ हवी असतात. या पिस्तुलाच्या .४५ काडतुसाच्या बुडाचा व्यास सुमारे १२.२ मिमी आहे. त्याच पेटीत आणखी एक घालायचं म्हणजे तितकी उंची कुठून तरी काढली पाहिजे. पेटी लांब करायची नसेल तर फॉलोअर आणि स्प्रिंग यांनी ती जागा सोडायची. फॉलोअर आखूड केला, स्प्रिंगचे वेढे कमी केले किंवा तार बदलली, आणि आठवं काडतूस आत गेलं. विल्सन कॉम्बॅट, चिप मॅककॉर्मिक अशा कंपन्यांनी हे काम इतकं नीट केलं की अनेक नेमबाज मूळच्यापेक्षा त्यांचीच मॅगझिनं पसंत करतात. पण ज्यांनी नुसती जागा केली आणि उरलेल्या हिशेबाकडे पाहिलं नाही, त्यांच्या मॅगझिनची ओळखीची तक्रार म्हणजे भरल्यावर न बसणं.

कारण असं. स्लाइड बंद असताना भरलेलं मॅगझिन आत सरकवलं की सगळ्यात वरचं काडतूस स्लाइडच्या पोटाला टेकतं. खटका लागायचा तर त्या काडतुसाने, आणि त्याच्याखालच्या सगळ्या ढिगाने, किंचित खाली जायला हवं. स्प्रिंग आधीच पूर्ण दबलेली असेल तर खाली जायला जागाच नाही. माणूस तळहाताने ठोकतो, खटका लागल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच गोळीनंतर मॅगझिन पायाशी पडतं. सैन्याच्या सात काडतुसांच्या मॅगझिनमध्ये ही राखीव जागा ठेवलेली होती. रिकामी दिसणारी ती जागाही यंत्राचाच भाग होती.

लिप्सचीही अशीच गोष्ट. लष्करी मॅगझिनच्या लिप्स पुढे हळूहळू पसरत जातात आणि काडतुसाला चेंबरच्या तोंडाजवळ पोचेपर्यंत धरून ठेवतात. काही खासगी मॅगझिनांच्या लिप्स त्याला लवकर आणि एकदम सोडतात. हे मुद्दाम केलेलं असतं. निशाणेबाजीच्या सपाट टोकाच्या गोळ्या चेंबरच्या तोंडाशी असलेल्या चढणीवर अडकतात, त्यांना वर उसळायला मोकळीक हवी असते. गोल टोकाची गोळी वापरणाऱ्याने ते मॅगझिन आणलं तर बहुधा चालतं, कधी चालत नाही. आणि ॲल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्याच्या पिस्तुलात काही पोलादी फॉलोअर पुढे सरकून मऊ चढणीवर ओरखडे पाडतात. आधी कुणाच्या लक्षात येत नाही, पण चढण खराब झाली की मूळचं मॅगझिनही अडू लागतं.

६. फुगणारं प्लास्टिक, खरखरीत पोलाद

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक पिस्तूल स्वीकारलं, तेव्हा त्याची प्लास्टिकची मॅगझिनं पाहून जुनी माणसं हसली होती. सुरुवातीच्या या मॅगझिनांत धातूचं अस्तर सगळीकडून नव्हतं. सतरा काडतुसं दोन रांगांत, एकमेकांच्या खाचेत रचली की ती भिंतींना बाहेर ढकलतात. भरलेलं मॅगझिन किंचित फुगायचं आणि बटण दाबल्यावर पडायचं नाही. अमेरिकन गिऱ्हाइकांना हे चालेना, मग पूर्ण अस्तराची मॅगझिनं आली. आज मॅगपुलसारख्या कंपन्या ग्लॉकसाठी अस्तराशिवाय निव्वळ पॉलिमरची मॅगझिनं करतात. ती पडावीत म्हणून भिंतीची जाडी आणि प्लास्टिकचा प्रकार दोन्ही सांभाळावे लागतात. तेव्हा तपासणी नेहमी भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही अवस्थांत करायची.

माप बरोबर असून पृष्ठभागाने घात केल्याचं प्रसिद्ध उदाहरण इराकमधलं. तिथे अमेरिकन सैनिकांकडे बेरेटा एम ९ पिस्तुलं होती. सरकारने त्यांची मॅगझिनं बाहेरच्या पुरवठादाराकडून घेतली होती, आणि सरकारच्याच अटीनुसार त्यांना जाड, खरखरीत फॉस्फेटचा लेप होता. गंज लागू नये हा हेतू. वाळवंटातली पिठासारखी धूळ त्या खरखरीत अंगाला धरून बसली आणि काडतुसं वर सरकेनात. पुढे बेरेटाने गुळगुळीत, वाळूला दाद न देणारा लेप दिलेली मॅगझिनं काढली. यावरून पुरवठादाराला दोष देणारे बरेच भेटतात. मला तरी तो दोष अट लिहिणाऱ्याचा वाटतो.

आपल्याकडचा दुवा ब्राउनिंग हाय-पॉवरचा. १९३५ सालच्या या पिस्तुलाची तेरा काडतुसांची दुहेरी रांग दियुदोने सैव्ह या बेल्जियन अभियंत्याची. भारतीय सैन्यातलं ९ मिमी पिस्तूल ऑटो १ए, जे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं, ते याच वंशाचं. मूळ नमुन्यात फ्रेंच सैन्याच्या मागणीमुळे एक सुरक्षा कळ घातली होती, मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. ही कळ मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर सतत दाबून असते. त्यामुळे दोन गोष्टी होतात. मॅगझिन स्वतःहून पडत नाही, आणि चाप ओढताना कळ त्या भिंतीवरून सरकते. म्हणजे मॅगझिनची पुढची भिंत खरखरीत असेल तर चाप खरखरीत लागतो! माणूस चापाची यंत्रणा उघडून साफ करत बसतो आणि दोष असतो बाहेरून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत. न पडण्यावर उपाय म्हणून पुढे काही मूळ मॅगझिनांच्या तळाला उंदराच्या सापळ्यासारखी स्प्रिंग बसवली. ती मॅगझिनला खाली ढकलून देते.

७. .२२चं थोडं वेगळं

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, त्यात .२२चं छोटं काडतूस वापरतात आणि पाच-पाच गोळ्यांच्या फैरी असतात. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढेच बसली पाहिजे. ती मागे अडकली तर वरचं काडतूस पुढे सरकू शकत नाही. इथे मॅगझिन कुणी केलं यापेक्षा ते कसं भरलं, याला जास्त महत्त्व येतं.

८. कानस उचलण्याआधी

आता अडणारं मॅगझिन हातात आहे. काय करायचं? पहिली गोष्ट, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत. पिस्तूल रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हींनी पाहायचं. तपासणीला बारूद नसलेली डमी काडतुसं वापरायची.

मग अडतं कुठे ते शोधायचं. रिकामं मॅगझिन अलगद वर सरकवा. सुरुवातीलाच अडलं तर पोकळीशी भांडण आहे. शेवटच्या काही मिलिमीटरला अडलं तर खटका, लिप्स किंवा तळाचं झाकण. घासणारी जागा सापडत नसेल तर मॅगझिनच्या अंगावर मार्कर पेनची शाई फिरवा, दोन-चार वेळा आत-बाहेर करा. जिथे शाई पुसली गेली, तिथे घासतंय. जुने फिटर याच कामाला निळा रंग वापरतात. दोष बहुतेक वेळा अगदी छोटा निघतो. पत्रा कापताना कडेला राहिलेला बारीक कंगोरा, वेल्डिंगचा उंचवटा, रंगाचा गोळा. बारीक पॉलिश पेपरचे चार हात पुरे होतात.

भरल्यावरच न बसणाऱ्या मॅगझिनला एक काडतूस कमी भरून पाहा. बसलं तर स्प्रिंगची राखीव जागा संपते आहे, पोकळीशी काही भांडण नाही. नवीन स्प्रिंग काही दिवस भरून ठेवल्यावर थोडी मऊ होते, तेव्हा विक्रेत्याचं ‘थोडं वापरा’ या एका प्रकारात खरं असतं. पेटी रुंदीला जाड असेल तर ती वापरून बारीक होत नाही.

आणि घासायचं ते मॅगझिनच, पिस्तूल कधीच नाही. पोकळीच्या भिंतीवर किंवा खटक्याच्या दातावर कानस मारली की आजचं परकं मॅगझिन बसेल, पण उद्या मूळचं सैल होईल, आणि मॅगझिन पिस्तुलाच्या मानाने स्वस्त असतं. लिप्सना पक्कड लावायची नाही. दोन्ही लिप्स एकसारख्या आणि योग्य कोनात वाकवायला साचा लागतो. डोळ्याच्या अंदाजाने वाकवलेली लिप काडतूस तिरकं सोडते. खाच चुकीच्या उंचीवर कापली असेल तर तिथे करण्यासारखं काही नाही, परत करा.

भारतात यातलं बरंचसं स्वतः करायचा प्रश्नच येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात, आणि शस्त्राची दुरुस्ती हा व्यवसाय करायलाही वेगळा परवाना लागतो. तेव्हा शाईची खूण करून मॅगझिन परवानाधारक दुरुस्तीकाराकडे न्यायचं. त्याला ‘नीट बसत नाही’ एवढंच सांगू नका. भरलेलं की रिकामं, स्लाइड उघडी की बंद, आत जाताना की बाहेर येताना, हे सांगा. एकापेक्षा जास्त मॅगझिनं असतील तर प्रत्येकाच्या तळावर आकडा टाका. अडणारं दर वेळी तेच निघालं तर दोष मॅगझिनचा. सगळीच अडत असतील तर मॅगझिनं बाजूला ठेवून पिस्तुलाचा खटका तपासायला सांगायचं.